ओईएम एसएसडी: दुकानदार म्हणतो तीन वर्षं, कंपनी म्हणते आमच्याकडे येऊ नका

अक्षरजुळारी (सांगली)

नमस्कार मंडळी. मी घरूनच पुस्तकांची अक्षरजुळणी करते. दिवाळी अंकांचं काम अंगावर आलंय आणि नेमकी आत्ताच लॅपटॉपमधली जागा संपलीय. लॅपटॉप लेनोवोचा थिंकपॅड टी४८०, सेकंडहँड घेतलेला, पण ठणठणीत. आत २५६ जीबीची सॅमसंग पीएम९८१ एसएसडी (फायली साठवायची ड्राइव्ह) आहे, वर लेनोवोचं स्टिकर. एकेका अंकाची स्कॅन केलेली चित्रं, जाहिराती, संपादकांनी 'ही शेवटची' म्हणून पाठवलेल्या सात-आठ प्रती... कुठवर पुरणार?

माझा भाचा गिरगावात राहतो. तो लॅमिंग्टन रोडला चौकशी करून आला. तिथे एकानं सॅमसंगची पीएम९ए१, १ टीबी, ६,००० रुपयांना सांगितली. डबा नाही, नुसत्या चंदेरी पाकिटात. "ओरिजिनल सॅमसंग आहे, ओईएम माल आहे, हीच डब्यात घालून ९८० प्रो म्हणून विकतात," असं त्याचं म्हणणं. (ओईएम म्हणजे लॅपटॉप कंपन्यांसाठी बनवलेला, एवढं मला कळलं.) डब्यातली ९८० प्रो त्याच दुकानात ८,००० ला आहे. ओईएमवर "तीन वर्षं माझी जबाबदारी" म्हणाला.

मी सॅमसंगच्या साइटवर शोधलं, तर तिथे ओईएम ड्राइव्हसाठी ज्या कंपनीचा कॉम्प्युटर त्यांच्याकडे जा, असं लिहिलंय. आता माझा लॅपटॉप लेनोवोचा, पण ही ड्राइव्ह काही लेनोवोनं मला विकलेली नाही. मग मी जायचं कोणाकडे? माल खोटा तर नसेल ना? टी४८० ला चालेल ना? आणि विंडोज पुन्हा विकत घ्यावं लागेल का? घरात यातलं कळणारं कोणी नाही, म्हणून इथे विचारते.

गोदाकाठ (नाशिक)

ताई, दोन हजारांसाठी एवढा घोर कशाला? डब्यातली घ्या, पाच वर्षांची वॉरंटी, निवांत.

खटपट्या (पुणे)

गोदाकाठ यांचं उत्तर बहुधा बरोबर ठरेल, पण त्यांनी कारण दिलेलं नाही आणि ताईंचे प्रश्न चांगले आहेत. माझं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे, हा माल रोज हातात येतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो, चहा घेऊन बसा.

ओईएम म्हणजे खोटा माल नव्हे. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपन्यांना सॅमसंग, वेस्टर्न डिजिटल (तिचा एसएसडीचा धंदा २०२५ पासून वेगळ्या सॅनडिस्क कंपनीकडे आहे), एसके हायनिक्स ट्रे भरभरून ड्राइव्ह विकतात, त्या ह्या. डबा, माहितीपत्रक, स्क्रू काही नाही. पीएम९ए१ आणि ९८० प्रो ही खरोखरच भावंडं आहेत, कंट्रोलर (ड्राइव्ह चालवणारी चिप) एकच. तसंच पीएम९८१ए आणि ९७० ईव्हीओ प्लसचं, वेस्टर्न डिजिटलच्या एसएन७४० आणि एसएन७७० चं, हायनिक्सच्या पीसी८०१ आणि प्लॅटिनम पी४१ चं. दुकानदार तिथे खोटं बोललेला नाही.

मग हा माल बाजारात सुटा येतो कसा? बऱ्याचदा नवा लॅपटॉप विकतानाच गिऱ्हाईक म्हणतं, मला मोठी घालून द्या. मूळची ड्राइव्ह निघते आणि दुकानाच्या खणात जाते. दुसरी वाट म्हणजे कंपन्यांचे भाड्यानं घेतलेले लॅपटॉप, मुदत संपली की शेकड्यांनी बाहेर पडतात, त्यातून काढलेल्या. तिसरी, खरोखर न वापरलेला शिल्लक माल. तिन्ही प्रकार त्याच चंदेरी पाकिटात येतात आणि तिन्हींना 'नवीन' म्हणतात.

आता वॉरंटी. ओईएम ड्राइव्हची वॉरंटी ही लॅपटॉपच्या वॉरंटीचा भाग असते. ज्या लॅपटॉपातून ती निघाली त्याच्या सिरीयल नंबरशी तिचं नातं, तुमच्या टी४८० शी काही संबंध नाही. सॅमसंग म्हणणार लेनोवोकडे जा. लेनोवो म्हणणार लॅपटॉप आणा, कोणत्या मशीनमधली आहे? म्हणजे कंपनीच्या बाजूनं तुमच्या हातात काहीच नाही. राहिला दुकानदार. त्याची तीन वर्षं ही त्याची स्वतःची आहेत. ती वाईट असतीलच असं नाही. लॅमिंग्टन रोडला पिढ्यान्‌पिढ्या बसलेली माणसं आहेत, शब्द पाळतात. पण तो शब्द बिलावर सिरीयल नंबरसकट उतरला पाहिजे. तोंडी तीन वर्षं म्हणजे दुकान आहे तोवर आणि त्याची मर्जी आहे तोवर.

म्हणून भाच्याला एकच प्रश्न विचारायला सांगा: ते ६,००० पक्क्या बिलासकट आहेत का? एसएसडीवर जीएसटी १८ टक्के. सुट्या मालाचा भाव बहुतेक वेळा कर सोडून सांगतात.

टी४८० चं म्हणाल तर चालेल, बिनधोक चालेल. पण इथे खरी गंमत आहे. पीएम९ए१ पीसीआयई ४.० ची, चार लेनची. (पीसीआयई म्हणजे ड्राइव्ह आणि कॉम्प्युटर यांच्यातला रस्ता, लेन म्हणजे त्याचे पदर.) वाचनाचा वेग सेकंदाला ७,००० एमबीच्या आसपास. टी४८० मध्ये एसएसडी बसते ती जुन्या २.५ इंची हार्ड डिस्कच्या जागी, ब्रॅकेट आणि केबल लावून, आणि तिथे येतात पीसीआयई ३.० च्या फक्त दोन लेन. म्हणजे कागदोपत्री दोन हजारांच्या आत, प्रत्यक्षात सोळाशे-सतराशे एमबी. क्रिस्टलडिस्कइन्फो हा ड्राइव्हची माहिती दाखवणारा प्रोग्राम उतरवून घ्या आणि तुमच्या आत्ताच्या ड्राइव्हचा 'ट्रान्सफर मोड' बघा, एका बाजूला चालू वेग आणि दुसऱ्या बाजूला ड्राइव्हची ताकद दिसेल. गल्लीत चालवायला रेसची गाडी घेतल्यासारखं आहे. वर ती गाडी तापते आणि बॅटरीही जास्त खाते.

थोडक्यात, ओईएम पीएम९ए१ ची तुलना डब्यातल्या ९८० प्रो शी करायचीच नाही. तुमच्या लॅपटॉपला ९८० प्रो ची गरजच नाही. तुलना करा डब्यातल्या साध्या ड्राइव्हशी. वेस्टर्न डिजिटलची ब्लू एसएन५८० घ्या उदाहरणाला: १ टीबीला पाच वर्षं किंवा ६०० टीबी लेखन, जे आधी संपेल ते. तुम्ही रोज २० जीबी लिहिलंत (अक्षरजुळणीत एवढं होत नाही) तरी ६०० टीबी संपायला ८० वर्षं लागतील. तेव्हा 'प्रो'च्या टिकाऊपणासाठीही जादा पैसे मोजायचं कारण नाही.

विंडोज विकत घ्यायचं नाही. परवाना मदरबोर्डशी बांधलेला असतो, ड्राइव्हशी नाही. मात्र बदलायच्या आधी बिटलॉकर (ड्राइव्हला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू आहे का बघा. असेल तर रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा आणि बिटलॉकर बंद करून मगच क्लोन, म्हणजे जुन्या ड्राइव्हची हुबेहूब नक्कल, करा.

चौकटराजा (बंगळूर)

खटपट्या, एक मुद्दा राहिला आणि माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा: फर्मवेअर, म्हणजे ड्राइव्हच्या आतला तिचा स्वतःचा प्रोग्राम.

९८० प्रो च्या २ टीबी मॉडेलचं प्रकरण आठवत असेल. ३बी२क्यूजीएक्सए७ या फर्मवेअरवर काही ड्राइव्ह अचानक फक्त वाचता येण्याजोग्या उरायच्या, लिहिणं बंद. सॅमसंगनं ५बी२क्यूजीएक्सए७ काढलं आणि डब्यातली ड्राइव्ह घेतलेल्यांनी मॅजिशियन (सॅमसंगचा ड्राइव्ह सांभाळणारा प्रोग्राम) उघडून दोन मिनिटांत ते चढवलं. पीएम९ए१ वाल्यांना तो रस्ता नाही, मॅजिशियन ओईएम ड्राइव्हला फर्मवेअर देत नाही. ते देणार लेनोवो, एचपी, डेल, आपापल्या ड्राइव्हसाठी, आपापल्या वेळापत्रकानं.

तसंच २०२४ च्या ऑक्टोबरात विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती आली, तेव्हा २ टीबीच्या एसएन७७० आणि एसएन५८० वर निळा पडदा यायला लागला. या ड्राइव्हना स्वतःची डीरॅम (कामापुरती वेगवान मेमरी) नसते, त्या कॉम्प्युटरची थोडी मेमरी उसनी घेतात. नवं विंडोज त्यांना पूर्वीपेक्षा जास्त मेमरी द्यायला लागलं आणि घोटाळा झाला. वेस्टर्न डिजिटलनं नवं फर्मवेअर दिलं. डब्यातली घेतलेल्यांना ते डॅशबोर्ड या त्यांच्या प्रोग्राममधून सरळ मिळालं.

'चालेल का' हा प्रश्न एकदाचा असतो. 'उद्या काही निघालं तर दुरुस्त कोण करणार' हा पुढची पाच वर्षं राहतो.

खटपट्या (पुणे)

बरोबर. त्यात एक पोटप्रकार आहे. सॅमसंगच्या ओईएम लेबलवर मॉडेल क्रमांकाच्या शेवटी, आडव्या रेघेनंतर, पाच अक्षरं असतात. त्यात एल असेल तर लेनोवोसाठी बनलेली, एच असेल तर एचपीसाठी. ताईंना एल वाली मिळाली तर निदान लेनोवोच्या एसएसडी अपडेट करणाऱ्या साधनात ती सापडण्याची आशा. एचपीची ड्राइव्ह लेनोवोत चालेल झकास, पण फर्मवेअर जन्मभर तेच.

विमाननगर (पुणे)

मी एका कंपनीच्या आयटी विभागात आहे. जुने लॅपटॉप भंगारवाल्याला देण्याचं काम आमच्याकडेच असतं. त्या बाजूनं एक सावधगिरी सांगतो.

कंपनीच्या लॅपटॉपातल्या बऱ्याच ड्राइव्ह स्वतःच स्वतःला कुलूप लावू शकतात, ओपल म्हणतात त्याला. काढण्याआधी कोणी ते कुलूप उघडलं नसेल, तर तुमच्या लॅपटॉपात ती दिसते, पण फॉरमॅट होत नाही. त्यावर इलाज आहे: लेबलवर पीएसआयडी नावाचा ३२ अक्षरांचा क्रमांक छापलेला असतो. तो टाकून ड्राइव्ह मूळपदावर आणता येते, आतलं सगळं पुसून. पण लेबल फाटलेलं किंवा खरवडलेलं असलं तर तो क्रमांक गेला आणि ड्राइव्हही गेली. कुलूपबंद ड्राइव्ह म्हणजे बिघाड नव्हे, असं म्हणून दुकानदार हात वर करू शकतो.

म्हणून लेबल फाटकं असेल, तर कितीही स्वस्त मिळो, नको.

अक्षरजुळारी (सांगली)

सगळ्यांचे आभार. भाचा पुन्हा जाऊन आला. (त्याला आता माझा फोन आला की घाम फुटतो.)

तर, ६,००० म्हणजे बिलाशिवाय. बिल हवं असेल तर कर वर, म्हणजे ७,०८०. डब्यातल्या ८,००० मध्ये कर धरलेलाच होता. म्हणजे दोन हजारांचा फरक ९२० वर आला. आणि वॉरंटीचं म्हणाल तर बिलावर लिहायची वेळ आली तेव्हा तीन वर्षांचं एक वर्ष झालं. "मॅडम, तीन वर्षं मी तुमच्यासाठी तोंडी देतोय" म्हणाला. भला माणूस असेल, पण मी हिशेबाला कच्ची नाही.

एसएन५८० डब्यातली त्याच्याच शेजारी आहे आणि ती ओईएमपेक्षाही थोडी स्वस्त आहे. तेव्हा तीच घ्यावी असं मनात आहे. तरी कुतूहल म्हणून विचारते, ओईएम दाखवताना भाच्यानं तिथल्या तिथे क्रिस्टलडिस्कइन्फो लावून घेतला. चालू तास शून्य, लेखन शून्य. दुकानदार म्हणाला बघा, कोरी करकरीत. पण फोटोत सोनेरी टोकांवर बारीक ओरखडे दिसतात. याचा अर्थ काय?

खटपट्या (पुणे)

अर्थ असा की घेतली नाहीत ते उत्तम.

न वापरलेल्या लॅपटॉपातून काढलेली ड्राइव्ह सहसा शून्य आकडे दाखवत नाही. कारखान्यात तिच्यावर विंडोज घातलेलं असतं, तपासणी होते, थोडे तास आणि थोडे जीबी पडतातच. आणि सुट्या शिल्लक मालावर शून्य तास शक्य आहेत, पण मग टोकांवर ओरखडे नकोत आणि स्क्रू बसतो त्या अर्धगोल खाचेवर दाबल्याची खूण नको. ओरखडे आहेत आणि आकडे शून्य आहेत, याचा अर्थ बहुधा कोणीतरी आकडे पुसले. हे करणारी साधनं बाजारात फिरतात. म्हणून मला गिऱ्हाईकानं शून्याचा फोटो पाठवला की मी जास्त सावध होतो, तीनशे तास आणि दोन टक्के झीज दाखवणारी ड्राइव्ह मला जास्त प्रामाणिक वाटते.

खोटं लेबल ओळखायची आणखी एक खूण सांगून ठेवतो, इतरांना उपयोगी पडेल. डिव्हाइस मॅनेजरमध्ये स्टोरेज कंट्रोलर्सखाली एनव्हीएमई (या वेगवान एसएसडींचा प्रकार) कंट्रोलरच्या तपशिलात 'हार्डवेअर आयडी' बघा. व्हीईएन नंतर चार अक्षरं येतात. सॅमसंगची १४४डी, वेस्टर्न डिजिटलची १५बी७, हायनिक्सची १सी५सी. लेबलवर सॅमसंग आणि आत १२६एफ दिसलं तर तो सिलिकॉन मोशनचा कंट्रोलर आहे, वर कागद चिकटवलेला. लेबल कुठल्याही गल्लीत छापून मिळतं, हे बदलणं त्या मानानं अवघड.

कायद्याचा_किडा (ठाणे)

बिलाबद्दल थोडं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये दाद मागता येते ती फक्त कंपनीकडे नव्हे, विकणाऱ्याकडेही. म्हणजे दुकानदारानं बिलावर 'एक वर्ष बदलून मिळेल' लिहिलं आणि नंतर नाही म्हणाला, तर ते प्रकरण जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ शकतं. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी नाही, वकील लागत नाही, तक्रार ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या करता येते, कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. त्याआधी ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर फोन करून बघा, बऱ्याच गोष्टी तिथेच मिटतात. ऑनलाइन घेतलं असेल तर त्या मंचाच्या तक्रार अधिकाऱ्यानं ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा असतो.

हे सगळं बिल असेल तर. १,०८० रुपये वाचवले तर तुम्ही ती ड्राइव्ह घेतली होती, हेच सिद्ध करणं अवघड जाईल.

गोदाकाठ (नाशिक)

म्हणजे मी पहिल्यांदा म्हणालो तेच ना?

खटपट्या (पुणे)

होय महाराज. पण एवढी सरसकट फुली मारू नका. ओईएम घ्यावी अशी ठिकाणं आहेतच. काही लॅपटॉपांत बोटाच्या पेरापेक्षा थोडी मोठी २२३० आकाराची ड्राइव्ह लागते, ३० मिलीमीटर लांबीची. तिथे डब्यातला माल दुकानात पटकन मिळत नाही आणि ओईएम एसएन७४० सहज मिळते, चांगलीही आहे. मी स्वतः बसवून देतो, बिलावर सिरीयल नंबर आणि मुदत लिहून. शिवाय बॅकअपची दुसरी ड्राइव्ह म्हणून, चाचणीच्या मशीनला, मुलांच्या खेळायच्या पीसीला ओईएम झकास. रोजच्या पोटापाण्याच्या एकुलत्या एक लॅपटॉपात मात्र ९२० रुपयांसाठी नको.

ताई, आणि वॉरंटी पाच वर्षांची असली तरी ती फक्त ड्राइव्ह बदलून देते. आतले अंक कोणी परत देत नाही. तेव्हा जुनी पीएम९८१ फेकू नका. एनव्हीएमईला चालणारं यूएसबी एनक्लोजर (ड्राइव्ह बाहेरून जोडायची डबी) घ्या, त्यात ती घाला आणि रोज संध्याकाळी चालू पुस्तकांचं फोल्डर तिच्यावर उतरवा. एनक्लोजर घेताना 'एनव्हीएमई' लिहिलंय ना ते बघा, नुसतं साटाचं (जुन्या प्रकारच्या जोडणीचं) घेऊन लोक परत माझ्याकडे येतात.

गडबड_गुंडा (कोल्हापूर)

धाग्यात घुसतोय, माफी. माझ्या एचपीत, १२ व्या पिढीचा इंटेल, नवीन ड्राइव्ह बसवली. बायोसमध्ये दिसतीय, पण विंडोज घालताना ड्राइव्हच दिसत न्हाई. दुकानदार म्हणतोय लॅपटॉपला ही ड्राइव्ह चालत न्हाई. आणि वॉरंटी चालू आहे, ती गेली का काय?

खटपट्या (पुणे)

चालते, दुकानदाराला कंटाळा आलाय. ११ व्या पिढीपासून पुढे बऱ्याच इंटेल लॅपटॉपांत व्हीएमडी (ड्राइव्ह सांभाळणारी इंटेलची सोय) चालू असतं आणि विंडोजच्या इन्स्टॉलरकडे त्याचा ड्रायव्हर नसतो. एचपीच्या साइटवरून तुमच्या मॉडेलचा इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर उतरवा, झिप सोडवून पेनड्राइव्हवर ठेवा, आणि ड्राइव्ह निवडायच्या पडद्यावर 'लोड ड्रायव्हर' दाबून तो दाखवा. ड्राइव्ह प्रकट होईल.

नुसती एसएसडी बदलल्यानं लॅपटॉपची वॉरंटी सहसा जात नाही. बदलताना काही तोडलंत तर ते मात्र तुमच्या खिशातून. मूळची ड्राइव्ह जपून ठेवा आणि सर्व्हिसला देताना तीच परत घालून द्या. त्यांना बोलायला जागा राहत नाही आणि तुमच्या फायली दुसऱ्याच्या हातात जात नाहीत.

गडबड_गुंडा (कोल्हापूर)

दिसली राव! लई भारी.

अक्षरजुळारी (सांगली)

एसएन५८० आली, बसली. क्लोनेझिला या नक्कल करणाऱ्या प्रोग्रामचा तो काळा पडदा बघून पोटात गोळा आला होता, पण झालं. ट्रान्सफर मोड खटपट्या म्हणाले तसाच, ३.० आणि दोन लेन. वेग १,७०० च्या जरा खाली. इनडिझाइनमध्ये मला काहीही फरक जाणवत नाही, जागा मात्र भरपूर.

एक अडलंय. क्लोन केल्यावर सी ड्राइव्ह अजूनही २३७ जीबीच दाखवतंय. बाकीचे कुठे गेले?

खटपट्या (पुणे)

कुठे जात नाहीत, शेजारीच मोकळे पडलेत. डिस्क मॅनेजमेंट उघडा. सी च्या उजवीकडे एक छोटं रिकव्हरी पार्टिशन आणि त्याच्या पलीकडे मोठी मोकळी जागा दिसेल. ते छोटं मध्ये अडकल्यामुळे सी वाढत नाही. ते काढून टाकायच्या फंदात पडू नका. मोकळ्या जागेचं सरळ डी ड्राइव्ह करा आणि पुस्तकं तिकडे हलवा. कधी विंडोज नव्यानं घालायची वेळ आली तर फायली वेगळ्या राहतील.

अक्षरजुळारी (सांगली)

झालं. डी वर ६९३ जीबी दिसतायत. आता एनक्लोजरसाठी भाच्याला फोन करते.